धनुर्वाताचे ‘निर्मूलन’ की ‘दुरीकरण’?

प्रश्न : माता व नवजात धनुर्वातावरची एक पुस्तिका मराठीत करतेय. एका पानावर ‘२०१५ साली भारतात धनुर्वाताचे निर्मूलन झाले’ आणि पुढच्याच पानावर गरोदर बायकांना लशीचे दोन डोस. वाचणारी विचारेल, रोग गेलाय तर सुई कशाला? शब्द चुकतोय का?

उत्तर : चुकतोयच. निर्मूलन म्हणजे मुळासकट. देवी रोगाचं झालं, कारण त्याचा विषाणू माणसाशिवाय दुसऱ्या कुठल्या प्राण्यात राहत नव्हता. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून असतात. ते कोण उपटणार? इथला निकष वेगळा आहे: प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे नवजात धनुर्वाताचा एकाहून कमी रुग्ण. त्याला ‘दुरीकरण’ म्हणा. क्षयरोग, हत्तीरोगाच्या कार्यक्रमांत हा शब्द रुळलाय. आणि नुसतं ‘धनुर्वाताचे’ नको, ‘माता व नवजात’ हवंच. शेतात खिळा लागलेल्याचा धनुर्वात या मोजणीत येत नाही.

आणखी एक : दुरीकरण बरोबर, पण फारच सरकारी! बायकांच्या तोंडी अजून ‘टीटी’च आहे. २०१९ पासून तिची जागा ‘टीडी’ने घेतली, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पही, तरी ‘टीटी घेतलीस का गं?’ हेच चालतं. ‘धनुर्वाताचं इंजेक्शन’ लिहा, सगळ्यांना कळेल.

प्रश्नकर्ती : आईला दिलेली सुई बाळाला कशी लागू पडते, हे ‘प्रतिपिंडे अपरेद्वारे संक्रमित होतात’ असं दिलंय.

उत्तर : अरे देवा. ‘आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं वारेतून बाळाला मिळतात’ म्हणा की! खेड्यात वार सगळ्यांना ठाऊक. लक्षणंही तशीच सोपी लिहा: बाळ पहिले दोन दिवस नीट पितं, मग ओढेनासं होतं, जबडा आवळतो, अंग ताठतं, पाठ धनुष्यासारखी वाकते. पंजाबात याला ‘आठव्या दिवसाचा आजार’ म्हणत. मळक्या पात्याने कापलेली नाळ, त्यावर लावलेलं शेण, एवढं पुरतं.

जगात १९८८ साली अंदाजे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं याने दगावली. २०१८ मध्ये २५ हजारांच्या आसपास. सोमालिया, येमेनसारख्या देशांत दवाखानाच दूर, तिथे दुरीकरणही रखडलंय.

प्रश्नकर्ती : मग असं करते: ‘बाळंतिणी व नवजात बाळांचा धनुर्वात भारतात २०१५ पासून आटोक्यात आहे, जंतू मातीत आहेतच, म्हणून प्रत्येक गरोदरपणात इंजेक्शन घ्यावे.’ दुरीकरण कंसात.

आणखी एक : चालेल. फक्त आधीचे दोन डोस होऊन तीन वर्षं झाली नसतील, तर एकच बूस्टर, हे तळटीपेत टाका.