शब्दचर्चा : हत्शेपसूतला ‘राणी’ म्हणावं का?

प्रश्न : प्राचीन इजिप्तमधल्या बायकांवर मुलांसाठी लेख लिहितेय. हत्शेपसूतसाठी मी ‘राणी’ लिहिलं होतं. एकांनी ‘सम्राज्ञी’ सुचवलं, दुसऱ्यांनी ‘स्त्री-फॅरो’. कोणता शब्द बरोबर?

उत्तर : माझ्या मते ‘राणी’ नको. आपल्याकडे मास्तरीण म्हणजे मास्तरांची बायको आणि शाळेत शिकवणारी बाईसुद्धा. ‘राणी’चं तेच. राजाची बायको राणी, राज्य चालवणारीही राणी. कोणती ते आपण संदर्भावरून ओळखतो. जुन्या इजिप्शियन भाषेत ही सोय नव्हती. तिथला शब्द ‘हेमेत नेसू’, म्हणजे सरळ ‘राजाची बायको’. हत्शेपसूत दुसऱ्या थुतमोसची हेमेत नेसू होतीच. तो वारला तेव्हा सवतीचा मुलगा, तिसरा थुतमोस, लहान होता. आधी तिने त्याच्या वतीने कारभार पाहिला, मग काही वर्षांत स्वतःच राजपद घेतलं. इ.स.पू. सुमारे १४७९ ते १४५८ हा तिचा काळ. आता ती कुणाची बायको म्हणून गादीवर नव्हती, तेव्हा तिने राजाचीच बिरुदं घेतली.

लक्सरजवळ देर अल-बहरीला तिचं मंदिर आहे. तिथल्या भिंतींवर दाढी लावलेला राजा कोरलाय, तो म्हणजे तीच, आणि शेजारच्या मजकुरात मात्र स्त्रीलिंग! राजाला ‘सा रे’ म्हणत, म्हणजे रे या सूर्यदेवाचा मुलगा. हिच्यासाठी ‘सात रे’, रे देवाची मुलगी. फरक एका ‘त’चा, आणि तो लिहायची खूण म्हणजे पावाचा इवलासा अर्धगोल. १८२९मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा फ्रेंच अभ्यासक शांपोल्यों तिथे गेला, तेव्हा दाढीवाल्या राजासाठी स्त्रीलिंगी नामं आणि क्रियापदं वाचून तो चक्रावून गेला होता. मला तर तो मजकूर लिहिणाऱ्या लिपिकाचं फार कौतुक वाटतं. चित्रात राजा, व्याकरणात बाई, आणि दोन्ही खरं.

‘सम्राज्ञी’तही सम्राटाची पत्नी हा अर्थ डोकावतोच. ‘फॅरो’ चालेल, फक्त आधी ‘स्त्री-’ लावू नका. मूळ शब्द ‘पेर-आ’, म्हणजे थोरलं घर, राजवाडा. पुढे तोच शब्द खुद्द राजासाठी वापरू लागले. आपण ‘वाड्यावरून निरोप आला’ म्हणतो, तसंच. घराला बाई-पुरुष कसलं?

प्रश्न : पण ताराबाईंना आपण राणीच म्हणतो ना?

उत्तर : म्हणतो, आणि ते योग्यच आहे. त्यांनी राज्य राखलं ते मुलाच्या, दुसऱ्या शिवाजीच्या, नावाने. हत्शेपसूतने मुकुट स्वतःच्या नावाने घातला. त्या लिपिकासारखं बेधडक लिहा : ‘राजा हत्शेपसूतने मंदिर बांधलं. ती…’ मुलं अडखळणार नाहीत.

आणखी एक. लेखात साध्या घरातल्या बायका आल्या, तर ‘नेबेत पेर’ या बिरुदाचं ‘गृहिणी’ करू नका. ‘नेब’ म्हणजे धनी, ‘नेबेत’ म्हणजे धनीण. आपल्याकडे तयार शब्द आहे : घरधनीण. देर अल-मदीना या राजांची थडगी बांधणाऱ्या कारागिरांच्या गावातली नौनाख्ते बघा. इ.स.पू. ११४५च्या सुमारास तिने साक्षीदारांसमोर सांगितलं की मी आठ मुलं वाढवली. म्हातारपणी ज्यांनी मला पाहिलं नाही, त्यांना माझ्यातलं काही मिळणार नाही. तिचं हे मृत्युपत्र लिहिलेला पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद, आजही शाबूत आहे.