मदत हवी आहे: पालघरच्या घनतेच्या नकाशासाठी २००१ आणि २०११ ची गावे जुळवायची कशी?

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, पण २०११ ची जनगणना अखंड ठाण्याची आहे: १,१०,६०,१४८ लोक, ९,५५८ चौ.किमी, म्हणजे दर चौ.किमीला १,१५७. आठ तालुके वेगळे काढले की पालघरची घनता साधारण ५६० आणि उरलेल्या ठाण्याची १,९०० च्या वर जाते. एवढ्या तफावतीत जुनी सरासरी वापरणं मोखाडा-जव्हारसारख्या विरळ वस्तीच्या तालुक्यांवर अन्यायच आहे.

२०११ ची बेरीज जमली. अडलंय २००१ शी तुलना करताना. गावांचे कोड बदललेत, नावांची स्पेलिंगं वेगळी. त्यात २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, त्यामुळे २००१ ची काही ग्रामीण गावं २०११ मध्ये शहरी प्रभागांत गेली. नुसता ग्रामीण तक्ता जोडला तर त्या गावांची लोकसंख्या शून्यावर आल्यासारखी दिसते.

दोन्ही वर्षांच्या गाव-कोडांची जुळणी यादी कोणाकडे आहे का? आणि तुंगारेश्वर अभयारण्याचं क्षेत्र वसईच्या भाजकातून (घनता काढताना ज्या क्षेत्रफळाने भागतो त्यातून) वगळावं का? (क्षेत्रफळ यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणातच काढलंय, अक्षांश-रेखांशाच्या अंशांत नाही.)