दाव्याला बांधलेल्या गायीचं लंगडणं

भाऊ, गायीच्या गळ्यातल्या सेन्सरच्या पट्ट्याला लंगडी गाय कळेल का, असं तुम्ही विचारलंय. पट्टा पाय बघत नाही. गाय किती हलली, किती रवंथ केला, एवढंच मोजतो आणि फरक पडला की मोबाइलवर सांगतो. त्यात माजावर आलेली गाय पटकन सापडते, पाय दुखणारी उशिरा.

लंगडणं ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचं वेगळं. दूध काढल्यावर गायी एकामागे एक बोळीतून निघतात, तेव्हा तो पाठीची कमान आणि पावलांची लय टिपतो. पण आपल्या यावल-रावेरकडे गाय दिवसभर दाव्याला. चालतच नाही, तर कॅमेरा बघणार काय?

नुसतं बघून लंगडण्याला १ ते ५ गुण द्यायची पद्धत मात्र फुकट आहे. १ म्हणजे ठीक, ५ म्हणजे सगळ्यात जास्त लंगडी. गाय उभी असताना पाठ सपाट आणि चालताना कमान, म्हणजे २ गुण. उभ्यानेही कमान दिसली तर ३. तिथेच डॉक्टरांना बोलवा, ४-५ ची वाट बघू नका.

गेल्या पावसाळ्यात आमची संकरित गाय मागचा डावा पाय नुसत्या खुराच्या टोकावर टेकवून उभी राहायची. मला वाटलं, माश्या चावताहेत. सोडून दहा पावलं चालवली तर पाठ वाकलेली. खुराच्या बेचक्यात काळ्या मातीचा वाळका गोळा, आणि त्यात खडा.