अनुभव धागा : वहीतलं आणि पोटातलं

तीन महिने मी खाल्लेला घास न् घास लिहिला. वहीप्रमाणे दिवसाला १४०० कॅलरी, पण वजन ७८ किलोवरून हलेना. एक दिवसही खोटं लिहिलं नव्हतं, म्हणून जास्त जिव्हारी लागायचं.

मग वजनकाटा आणला. भाजीला मी ‘दोन चमचे तेल’ लिहायचे. फोडणीआधी आणि नंतर तेलाची बाटली काट्यावर ठेवली, तर ४६ ग्रॅमचा फरक. ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर कढईत चारशेच्या वर गेल्या, वहीत नव्वद.

१९९२ साली अमेरिकेत ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांची तपासणी झाली होती. खास पाणी पाजून शरीराने खर्चलेली ऊर्जा मोजली. सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं. ती माणसं खोटारडी होती असं मला अजिबात वाटत नाही. कोल्हापूरकरांनो, तुमचं कुठे निसटलं, ते आपल्या भागाच्या नावाने लिहा.

राजारामपुरी : मिसळ ‘एक प्लेट’ लिहायचो. कट दोनदा मागून घ्यायचो, त्याचे वेगळे पैसे नसतात, म्हणून तो कधी वहीत आलाच नाही.

कसबा बावडा : पांढरा रस्सा मी ॲपमध्ये ‘सूप’ म्हणून टाकत होते. त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस! आता वाटण घालायच्या आधी एकेक जिन्नस तोलते आणि पातेल्याचा हिशेब वाट्यांवर भागते. पहिल्यांदा बेरीज केली तेव्हा परत एकदा करून बघितली.

शुक्रवार पेठ : तालमीतून येताना गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायचो. म्हशीचं, अर्धा लिटर, म्हणजे पाचशेच्या आसपास कॅलरी. दूध खाण्यात धरायचं असतं, हे डोक्यातच नव्हतं.

उपनगरातून, आहारतज्ज्ञ : ‘एक वाटी आमटी’ म्हटलं की मी वाटीच घेऊन यायला सांगते. शंभर मिलीची येते, सव्वादोनशेचीही येते. आणि कृपा करून भात कच्चा मोजला की शिजलेला, ते लिहा. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५०, शिजलेल्या भातात १३०.

शाहूपुरी : लेकीच्या ताटात उरलेलं मी उभ्या उभ्या संपवते. काल पहिल्यांदा तेही लिहिलं : अर्धी भाकरी, चमचाभर लोणी.

धागाकर्ती : रविवारी कुणाकडे रस्सा असेल तर नारळाचं दूध मोजून आकडा इथे टाका.