‘स्वप्नदोष’ या शब्दाला घरात वापरता येईल असा पर्याय आहे काय?

प्रश्न : मुलीला पाळीविषयी तिच्या आईने वेळेवर सांगितले. मुलगा बारा वर्षांचा झाल्यावर त्याच्याशी बोलण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा झोपेत होणाऱ्या वीर्यपातासाठी मला ‘स्वप्नदोष’ एवढाच शब्द आठवला. जे निसर्गतः घडते त्याला दोष कसे म्हणावे?

प्रतिसाद : आपली अडचण शब्दापेक्षा जुनी आहे. मुलीसाठी ‘न्हाण येणे’, ‘पदर येणे’, ‘शहाणी होणे’ असे कितीतरी वाक्प्रचार आहेत. परंतु ते तिच्या शरीराविषयी काही सांगत नाहीत, ती आता लग्नाजोगी झाली आणि तिला जपले पाहिजे, एवढेच सुचवतात. ‘कावळा शिवला’ हे तर आई बाजूला का बसली असे विचारणाऱ्या लहान मुलांना गप्प करण्यासाठीचे उत्तर होते, आणि कित्येक मुलग्यांना घरातून मिळालेले या विषयावरचे तेवढेच शिक्षण. मुलाचे ‘मिसरूड फुटले’, ‘आवाज फुटला’ हे कौतुकाने बोलले जाते, पण त्याच्याविषयीची शब्दसंपत्ती गळ्याखाली उतरत नाही. मुलाला सांगावे लागत नाही, त्याला आपोआप कळते, ही आईवडिलांची समजूत त्यामागे असावी. पाऊल ‘वाकडे पडते’ तेही बहुधा मुलीचेच. मुलाचे ‘वयच तसे’ असते.

‘रज’ आणि ‘वीर्य’ ही जोडी पाहावी. संस्कृतात ‘रजस्’ म्हणजे धूळही, आणि ‘वीर्य’ म्हणजे पराक्रमही. एकीकडे मळ आणि दुसरीकडे शौर्य असा हिशेब मांडला, की पाळीला विटाळ म्हणणे आणि वीर्य गेले म्हणजे बळ गेले असे मानणे, या दोन्ही समजुतींना भाषेचाच आधार मिळतो. र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक विषयांवर उघडपणे लिहिले, तरीही घरातली बोली फारशी बदलली नाही.

‘पाळी’ हा शब्द मला म्हणूनच आवडतो. पाण्याची पाळी, कामाची पाळी तशीच ही. त्यात ना दोष, ना विटाळ. मुलासाठी नवा पारिभाषिक शब्द घडवण्यापेक्षा ‘झोपेत वीर्य बाहेर येते’ असे साधे वाक्य वापरावे, आणि तेच बहिणीलाही कळू द्यावे.

प्रश्नकर्ता : वाक्य पटले, पण त्यातही ‘वीर्य’ उरलेच. ‘धातू जाणे’ म्हणावे, तर ते स्वप्नदोषाहून भीतिदायक वाटते.