उत्तर: ड्रीम चेसर आणि २०१३ची चाचणी

२०१३च्या चाचणीत ड्रीम चेसर हे पंख असलेले अंतराळयान धावपट्टीवरून घसरले, म्हणून असे यान अंतराळवीरांसाठी भरवशाचे नाही, असा निष्कर्ष काढला जातो; तो मला पटत नाही. २६ ऑक्टोबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावर हेलिकॉप्टरने सुमारे पावणेचार किलोमीटर उंचीवरून सोडलेले ते मानवरहित यान स्वतःच दिशा साधत धावपट्टीपर्यंत नीट उतरत आले. फक्त डावे चाक उघडले नाही. ही चाके एफ-५ई या लढाऊ विमानाची, केवळ चाचणीपुरती बसवलेली होती.  दुरुस्त केलेले तेच यान ११ नोव्हेंबर २०१७ रोजी तिथेच व्यवस्थित उतरले.

कक्षेतून परततानाची उष्णता या चाचण्यांनी तपासली नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तरीही, सहा महिने भारहीन अवस्थेत राहून अशक्त झालेल्या माणसाला जेमतेम दीड जी (पृथ्वीवरील गुरुत्वाच्या दीडपट) इतका ताण सोसून थेट धावपट्टीवर उतरता यावे, ही सोय मला फार मोलाची वाटते, आणि २०१४मध्ये नासाने अंतराळवीरांसाठी दोन्ही कंत्राटे कुप्यांनाच, म्हणजे पंख नसलेल्या यानांनाच, दिली याची खंत वाटते.