जुन्या फियाटचं पेट्रोल इंजिन: ऑईल कुठलं घालता, गाडी कशी राखता?

सातारा-सांगलीकडं अजून बऱ्याच दारात जुनी फियाट उभी दिसते, कुठं पद्मिनी कुठं पाल्यो. ऑईलचं विचारलं की प्रत्येक मिस्त्री वेगळंच सांगतो, म्हणून म्हटलं ज्यांनी गाडी चालवलीय त्यांनीच लिहावं. सुरुवात मी करतो.

माझी पाल्यो १.२, साताऱ्यात. टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह दाबणारे भाग, वाजायला लागले तर एकानं वीस-पन्नास (20W-50) घालायला लावलं, जाड ऑईलनं आवाज बसेल म्हणाला. आवाज तसाच राहिला आणि थंडीत सकाळी स्टार्टर जड फिरायला लागला. मग एका जुन्या मिस्त्रींनी कव्हर खोलून फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, लावला. ह्या १२४२ सीसी आठ वॉल्व्हच्या इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबानं गॅप आपोआप भरून काढणारे टॅपेट नसतातच, शिम म्हणजे गॅप नेमका ठेवणाऱ्या चकत्या असतात, गॅप वाढलाय त्याला ऑईल काय करणार? दोन शिम बदलल्या, आवाज गेला. आता दहा-चाळीस (10W-40) घालतो, ते जरा पातळ.

---

दादा, १.६ सोळा वॉल्व्हवाल्यांनी हे उलटं धरा, तिला हायड्रॉलिकच आहेत. मी जाड ऑईल घातलं तर सकाळी बराच वेळ टकटक, दहा-चाळीसवर आलो आणि थांबली. टायमिंग बेल्ट मात्र वेळेत बदला, तुटला की वॉल्व्ह वाकतात.

---

आमची पद्मिनी वाईत, वडिलांच्या हातची. १०८९ सीसी, पुशरॉडचं, म्हणजे दांड्यांनी वॉल्व्ह उघडणारं इंजिन, तिला साधं मिनरल वीस-पन्नासच मानवतं. मध्ये मी हौसेनं महागडं पातळ सिंथेटिक घातलं, तर पसरणी घाट चढून पाचगणीत गाडी थांबवली की आयडलला ऑईलचा दाब कमी झाल्याचा दिवा मिणमिणायचा, आणि ऑईलच्या चेंबरखाली फरशीवर डाग. परत वीस-पन्नास, दिवा बंद. दर तीन हजार किलोमीटरला बदलतो. वडील म्हणायचे ऑईल काळं झालं म्हणून घाबरू नको, कमी झालं तर घाबर. आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे, घाटात तापमानाचा काटा वर जायला लागला की सरळ बाजूला घ्या, हेड वाकलं की खर्चात पडाल.

---

सांगली, २०१९ चा महापूर. आमची पाल्यो चार दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी घाईनं त्यांच्या गाडीला चावी मारली, सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी काय दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकला. ते बघून आम्ही चावीला हातच लावला नाही, आधी बॅटरीची वायर काढली. डिपस्टिकवर चहासारखं दुधाळ ऑईल, बघून पोटात गोळा आला. सगळं ऑईल खाली सोडलं, प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल टाकून पान्यानं क्रँक हातानं फिरवला, प्लगच्या भोकातनं पाणी उडालं. मग स्वस्तातलं ऑईल आणि नवीन फिल्टर, पंधरा मिनिटं चालवून सोडलं, परत तेच. तिसऱ्यांदा चांगलं घातलं. गिअरबॉक्सचं ऑईल लोक विसरतात, त्यातही पाणी निघालं होतं. इंजिन खोलावं लागलं नाही, गाडी आजही रोज चालते.

---

मी मिरजेची. माझी पाल्यो मंडई आणि शाळा एवढीच फिरते, पावसाळ्यात ऑईलच्या झाकणाखाली पांढरा लोण्यासारखा थर दिसला आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलं आणि कूलंट ऑईलमध्ये उतरलं म्हणून रडायचीच बाकी होते. पण कूलंट कमी होत नव्हतं, डिपस्टिकही स्वच्छ. मिस्त्री म्हणाले ताई, इंजिन पुरतं तापतच नाही, वाफ आत जमते. आता दर रविवारी तासगावपर्यंत जाऊन येते, थर परत आला नाही.